बांधून न्यायचं नाही

"मग मी खोटी सही करू का, मावशी? एवढंच सांगा."

आमोसनं हे तिसऱ्यांदा विचारलं. रिबकामावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातला एक खडा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि बाजूला टाकला.

"कसली सही?"

"सांगितलं ना मघाशी. दवाखान्यातली."

"पुन्हा सांग. म्हातारीला एकदा सांगून कळत नाही."

कळत नाही कसलं! चाळीस वर्षं ही बाई वस्त्यावस्त्यांतून चालत जाऊन बायकांना देवाचं वचन वाचून दाखवायची. कुणाच्या घरात काय शिजतंय आणि काय शिजत नाही, हे तिला उंबऱ्यातूनच कळायचं. आता गुडघे गेले म्हणून चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. पाळकसाहेबसुद्धा अडलं-नडलं की तिच्याच ओट्यावर येऊन बसतात. मी शिमोन, चर्चची घंटा वाजवतो आणि अंगण झाडतो. त्या दिवशी झाडू हातात होता, पण झाडत नव्हतो. ऐकत होतो.

आमोस वाघचौरे जूनमध्ये पाळक व्हायचं शिकायला पुण्याला जाणार होता. त्याआधी वर्षभर त्यानं मावशींकडे येऊन बसावं, असं पाळकसाहेबांनीच सांगितलं होतं. पोरगा हुशार, नाकासमोर चालणारा. फक्त आपण नाकासमोर चालतो, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यानं पुन्हा सांगितलं.

सकाळी हवालदार घरी आला होता. सोमवारी स्टेशनच्या पुलावर एक म्हातारा चक्कर येऊन पडला. लोकांनी सरकारी दवाखान्यात नेला. तिथं थोडा शुद्धीवर आला तेव्हा नर्सनं विचारलं, बाबा, तुमचं कोण आहे? तो म्हणाला, "आमोस. चर्चात भात वाढतो. पुतण्या माझा." स्वतःचं नाव सांगायच्या आत पुन्हा शुद्ध गेली. संध्याकाळी संपला.

"गावात चर्च दोन, आमोस तीन. हवालदाराला शोधायला आजचा गुरुवार उजाडला," आमोस म्हणाला. "त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. मी ओळखला. आपल्या रविवारच्या पंगतीतला."

"बरं."

"आज पाच वाजेपर्यंत कुणी ताब्यात घेतला तर ठीक. नाही तर बेवारस म्हणून नोंद करून नगरपालिका घेऊन जाणार. फॉर्मवर दोन रकाने आहेत, मावशी. एक, मृताचं नाव. दुसरा, सही करणाऱ्याचं मृताशी नातं."

"मग?"

"मग काय? मी त्याचा पुतण्या नाही! बाबा म्हणतात, आपला माणूस नाही, भानगडीत पडू नको. आई रडतेय. आणि मला कळत नाही... खोटं लिहून मी देवाच्या कामाला कसा जाऊ? आणि नाही लिहिलं, तर त्याला..."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. पोराचं काळीज दगडाचं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मावशींनी सूप खाली ठेवलं.

"नाव काय त्याचं?"

"तेच तर माहीत नाही."

"किती दिवस येत होता जेवायला?"

"दोन वर्षं तरी. आपण पंगत सुरू केली तेव्हापासून."

"वाढायचं कोण?"

"भात मी वाढतो. आमटी आई. पत्रावळी बाबा मांडतात, पाणी ताई देते."

हे मात्र खरं. चर्चची बाकीची मंडळी आळीपाळीनं येतात, कुणाचं लग्न निघतं, कुणाची कंबर धरते. वाघचौऱ्यांचं अख्खं घर दर रविवारी हजर. उन्हातान्हात दीडशे माणूस वाढून झाल्याशिवाय ते घर स्वतः घास घेत नाही. उगाच कुणाला नावं ठेवायला मी हे सांगत नाही.

"दोन वर्षं..." मावशी म्हणाल्या. "मग हाक काय मारायचास त्याला?"

आमोसनं माझ्याकडं पाहिलं. मी झाडूकडं पाहिलं.

"डबल," तो हळूच म्हणाला.

"हे कसलं नाव?"

"दुसऱ्यांदा भात मागायचा, म्हणून... सगळेच म्हणायचे."

सगळेच म्हणायचे, पण नाव मी ठेवलं होतं. तोंडाचा फाटका माणूस मी. एका रविवारी सहज बोलून गेलो, "आला बघा डबल!" पोरंटोरं हसली, नाव चिकटलं. तो म्हातारा पण हसला होता. आपल्याला हाक मारताहेत, यातच त्याला बरं वाटलं असेल. जळो माझी जीभ.

मावशींनी सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "आमोस, नाताळात तू प्रभूची वंशावळ म्हणून दाखवलीस. अब्राहामापासून बेचाळीस पिढ्या. एक नाव चुकलं नाही. मी मान डोलावली होती, आठवतं?"

"हो, मावशी."

"त्या बेचाळिसांपैकी तुझ्या हातचं किती जण जेवले?"

आमोसचे कान लाल झाले. तो हुशार, त्याला उत्तर लगेच सापडलं.

"दीडशे माणसांची नावं कशी लक्षात राहणार? आणि नाव विचारलं की त्यांना चौकशी वाटते. पोलीस विचारतात, रेल्वेवाले विचारतात. निदान देवाच्या दारात तरी कुणी काही विचारू नये, म्हणून मी..."

"चांगलं आहे," मावशी म्हणाल्या. "मग रविवारी काय विचारलंस त्याला?"

आमोसनं मान वळवून फाटकाकडं पाहिलं.

आता रविवारचं मलाच सांगितलं पाहिजे, कारण मी फाटकाशी उभा होतो.

दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी तक्रार आणली की आपल्याकडचा भात बांधून नेतात आणि स्टेशनवर विकून दारू पितात. कोण विकतो, कुणी पाहिलं, काही नाही. पण पंचांच्या बैठकीत चर्चा झाली आणि आमोसनं नियम केला. पाटीही त्यानंच रंगवली. अक्षर सुरेख आहे पोराचं. 'इथेच जेवा. बांधून न्यायचं नाही.'

रविवारी डबल... तो म्हातारा, नेहमीसारखा दुसऱ्यांदा भात घेऊन उठला. फाटकाजवळ आमोसनं त्याला अडवलं. बगलेत एक गाठोडं होतं, फडक्यात बांधलेला भात.

"कुणासाठी नेताय?" आमोसनं विचारलं. दोन वर्षांतला तो पहिला प्रश्न.

म्हातारा तोंड उघडून उभा राहिला. मागं रांग होती, लोक बघत होते. त्याला सांगता येईना की सांगावंसं वाटेना, देव जाणे.

"विकता ना?" आमोस म्हणाला, आणि गाठोडं काढून घेतलं. ओरडला नाही, ढकललं नाही. भात पुन्हा पातेल्यात घालता येत नाही म्हणून तो गाईला टाकला. म्हातारा म्हणाला, "बरोबर हाय, दादा. नियम म्हंजे नियम." हात जोडले आणि गेला. फडकं तिथंच राहिलं.

"त्यानं उत्तर दिलं असतं तर मी नेऊ दिलं असतं," आमोस म्हणाला. "मावशी, मी वाईट माणूस नाही."

"नाहीस."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दोरीवरून एक फडकं काढलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं. धुऊन स्वच्छ केलेलं होतं.

"ओळखतोस?"

"तेच... त्याचं."

"फाटकाशी पडलं होतं. चांगलं कापड दिसलं म्हणून उचललं, धुतलं, वाळत घातलं. चार दिवस झाले, रोज त्याच्याखालून जाते. काठ बघ त्याचा."

आमोसनं काठ पाहिला. हिरवा, विरलेला काठ.

"लुगडं आहे रे ते," मावशी म्हणाल्या. "एकट्या पुरुषाकडं लुगड्याचं फडकं कुठून येतं? मी बाई. मला रविवारीच कळायला हवं होतं. मी फडकं धुतलं आणि गप बसले."

मी मावशींना कधी रडताना पाहिलं नाही, तेव्हाही नाही पाहिलं, पण त्यांनी तोंड फिरवलं.

आमोस उठून उभा राहिला. फडकं त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं.

"शिमोन," मावशी मला म्हणाल्या, "झाडायचं नाटक पुरे. याच्याबरोबर स्टेशनवर जा. तुला तिथले हमाल ओळखतात."

"आणि सही?" आमोस म्हणाला.

"पहिला रकाना भरून आण. दुसऱ्याचं मग बघू."

आम्ही निघालो तेव्हा दोन वाजले होते. ऊन नुसतं भाजत होतं. आमोस पुढं, मी मागं. मी त्याला बोलणार काय, नाव तर मीच ठेवलं होतं.

मालधक्क्यावर एक ओळखीचा हमाल पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. मी विचारलं, "बाबा रे, लुगड्याच्या फडक्यात भात नेणारा एक म्हातारा इथं..."

"सखाहरी व्हय?" तो म्हणाला. "चार दिस झालं, दिसला न्हाई. आक्का वाट बघतीया तिकडं."

नाव मिळायला एवढाच वेळ लागला. त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकायच्या आत.

आमोसनं ते नाव पुटपुटून पाहिलं. सखाहरी.

मालधक्क्याच्या मागं, भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारी पडली होती. कमरेखालचं अंग गेलेलं. डोळ्यांत फुलं पडलेली. उशाशी पाण्याची बाटली आणि एक उपडी ताटली. ताटली स्वच्छ होती, तीच मला बघवेना.

"कोन हाय? सखाहरी?"

"नाही, आजी," आमोस म्हणाला. "मी... चर्चमधून आलोय. आमोस."

म्हातारीचा चेहरा असा उजळला की मी मान वळवली.

"आमोस! सखाहरीचा पुतन्या! बस की रं बाबा. तुला बसाया काय देऊ... आरं, किती सांगायचा त्यो तुझं! माझा पुतन्या मोटा मानूस, देवाच्या घरात वाडतो, म्हनायचा. मला घरी चल म्हनतो, पन मीच जात न्हाई, म्हनायचा. आक्काला टाकून कुटं जाऊ? आन् दर आईतवारी तू माज्यासाटी याद करून भात बांधून देतोस, म्हनायचा. लई पुन्य लागंल बाबा तुला."

आमोसचं नाव त्या म्हाताऱ्याला कुठून ठाऊक, असं तुम्ही विचाराल. आमोसची आई दर रविवारी भरल्या पंगतीत मोठ्यानं ओरडते, "आमोस, भात इकडं आण!" दोन वर्षं त्यानं तेवढं ऐकून जपून ठेवलं होतं. भीक आणली म्हणायला लाज वाटली असेल, म्हणून पुतण्या केला. आम्ही त्याला डबल केला आणि त्यानं आमच्या पोराला पुतण्या केला.

आमोस धुळीत बसला होता.

"सखाहरी तुमचा कोण, आक्का?"

"कोन म्हंजे? भाऊच म्हनायचा. सासरनं टाकली, हिथं गाडीतनं उतरवून दिली, तवापासनं त्योच बघतो. उचलून उन्हातनं सावलीत ठेवतो. पोटचं पोर करंल का इतकं?"

तिनं उशाची ताटली चाचपली.

"आईतवारी मातर रिकाम्या हातानं आला," म्हातारी म्हणाली. "म्या म्हनलं, का रं? म्हनला, पुतन्या गावाला गेलाय, दुसऱ्या कुनाकडं मागाया बरं वाटंना. सोमवारी म्हनला, पुलापल्याड जाऊन बघतो काय गावतंय का. त्यो गेला त्यो गेलाच. तुज्याकडं आलाय का रं?"

मला वाटलं, आता हा सांगणार की मी गावाला गेलो नव्हतो, मी कुणाचा पुतण्या नाही. खरं बोलण्याची एवढी हौस त्याला.

"आक्का," तो म्हणाला, "काका गेले."

काका म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलं.

म्हातारीचा हात बाटलीवर होता, तो तिथंच राहिला. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले. आवाज विरल्यावर तिनं विचारलं,

"उपाशी गेला का रं?"

आमोसनं मान खाली घातली. मी मध्येच म्हणालो, "दवाखान्यात सलाईन लावलं होतं, आक्का." असलं काहीतरी बोलतो मी, माझं हे असंच आहे.

ती रडली नाही. रडायलाही अंगात काही लागतं. नुसती आमोसच्या दिशेनं हात फिरवत राहिली, आणि त्याचं मनगट सापडल्यावर तिनं ते घट्ट धरलं.

"तू हायेस म्हनून बरं," ती म्हणाली. "न्हाई तर बेवारशी ग्येला आसता. त्याचं सगळं नीट कर, बाबा. तुज्याबिगर त्याला कोन हाय?"

परत येताना आमोस जवळजवळ पळत होता. माझ्यानं त्याला गाठवेना. ओट्याशी पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. आत चुलीवर मघाच्या निवडलेल्या तांदळाचा भात झाला होता. झाकणातून वाफ येत होती.

"सखाहरी," आमोस म्हणाला. "सखाहरी नाव त्यांचं."

"हं."

त्यानं सगळं सांगितलं. फडकं कुणाचं, भात कुणाला जायचा, रविवारी काय झालं, सोमवारी तो पुलावर कशाला गेला. सांगता सांगता तो ओट्याच्या कडेला डोकं टेकून हुंदके देऊन रडायला लागला. मावशींनी त्याला रडू दिलं. पाठीवरून हात वगैरे काही फिरवला नाही.

"माझ्यामुळं गेला, मावशी."

तुझ्यामुळं नाही, असं मावशी म्हणाल्या नाहीत.

"मी तिला खरं सांगितलं नाही. जीभच उचलली नाही. आता सही केली तर सरकारी कागदावर खोटं. नाही केली तर तो बेवारस. मावशी, तुम्ही सांगाल ते करतो. त्या दुसऱ्या रकान्यात मी काय लिहू?"

मावशी आत गेल्या. भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि त्याच्यापुढं ठेवलं. त्याच्या खांद्यावरचं फडकं ओढलं आणि जमिनीवर पसरलं. मग पळी त्याच्या हातात दिली.

"वाढ."

आमोसनं डोळे पुसले. एक पळी भात फडक्यावर घातला. रविवारी घालतो तेवढाच, सपाट, ना कमी ना जास्त. दोन वर्षांची हाताला सवय. पळी त्यानं पातेल्यात ठेवली.

मावशी बघत राहिल्या.

त्यानं वर पाहिलं. मावशींनी काही खूण केली नाही.

त्यानं पळी पुन्हा उचलली आणि दुसऱ्यांदा भात घातला. या वेळी शिगोशीग.

मग तो फडक्याची टोकं गोळा करायला लागला. टोकं नीट जुळेनात, भाताची शितं बाहेर सांडत होती. आतल्या घड्याळात चारचे ठोके पडले. टोकं हातात धरूनच त्यानं विचारलं, "मावशी... सही?"

रिबकामावशींनी सांडलेली शितं एकेक करून उचलली आणि फडक्यात टाकली.

"गाठ घट्ट मार," त्या म्हणाल्या. "तुझी आत्या रविवारपासून उपाशी आहे."